संध्याकाळी सहानंतरचा वेग: फाइल-सर्व्हरचे मोजमाप कसे करावे

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असल्यास ती लगेच लक्षात येईल. दारव्हा तालुक्यातील आपल्या पतसंस्थेच्या आठ शाखा खेड्यांत आहेत. दिवसअखेरचा हिशेब जुळला की प्रत्येक शाखा डेटाबेसचा सुमारे ३०० मेगाबाइटचा बॅकअप मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर पाठवते. जुन्या कर्जप्रकरणांचे कागद स्कॅन करण्याचे काम सध्या चालू असल्यामुळे त्याच्या जोडीला दररोज सुमारे १,५०० लहान प्रतिमाही जातात. सर्व्हर म्हणजे ८ जीबी मेमरीचा आणि एकाच हार्ड डिस्कचा जुना डेस्कटॉप असून त्यावर लिनक्स आहे. आपण शेजारच्या टेबलावरील संगणकावरून १ जीबीची एक फाइल एकदा व्हीएसएफटीपीडीवर (एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा सर्व्हर-प्रोग्राम) आणि एकदा ओपनएसएसएचच्या एसएफटीपीवर (सांकेतिक जोडणीतून फाइल पाठवण्याची दुसरी पद्धत) पाठवून पाहिली व दोन्ही वेळा सेकंदाला ११.२ मेगाबाइट वेग मिळाला. तरीही संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत एकेका शाखेला तासाहून अधिक वेळ लागतो आणि काही शाखांची मोठी फाइल शेवटापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तेव्हा कोणता सर्व्हर-प्रोग्राम सर्वांत वेगवान, तो वेग नीट मोजावा कसा, आणि संचालक मंडळापुढे लाखभर रुपयांच्या नव्या सर्व्हरचा प्रस्ताव ठेवावा का, असे आपण विचारले आहे.

मी गेली सतरा वर्षे हिंगणघाट, आर्वी, दारव्हा, दिग्रस या भागांतील जिनिंग कारखाने, महाविद्यालये आणि पतसंस्था यांची संगणक-व्यवस्था पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो की ‘सर्वांत वेगवान सर्व्हर कोणता’ या प्रश्नाला, तो कोणत्या कामासाठी हे ठरवल्याशिवाय, उत्तरच नसते. फाइल मोठी की लहान, एकाच वेळी किती जण पाठवणार, मधली लाइन किती लांबची आणि किती रुंद, मजकूर सांकेतिक करून पाठवायचा की उघडा, पाठवणारा संगणक कसा आहे, या प्रत्येक गोष्टीगणिक उत्तर बदलते. म्हणून मी आपल्याला एखाद्या प्रोग्रामचे नाव देऊन मोकळा होणार नाही. आपल्या संध्याकाळचे मोजमाप कसे करायचे तेवढे सांगतो. नाव शेवटी येईलच.

सुरुवात त्या ११.२ या आकड्यापासून करू, कारण तो आकडा स्वतःच बोलका आहे. १०० मेगाबिटच्या ईथरनेट तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पूर्ण पाकिटाला, पुढची-मागची सर्व बांधणी धरून, तारेवर १,५३८ बाइटची जागा लागते आणि त्यात आपल्या फाइलचे साधारण १,४४८ बाइट असतात. म्हणजे १०० मेगाबिटांपैकी सुमारे ९४ मेगाबिट खऱ्या मालासाठी उरतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ते ८ ने भागले तर सेकंदाला ११.७७ मेगाबाइट होतात, आणि बरेचसे प्रोग्राम ‘मेगा’ म्हणजे दहा लाख न धरता १०,४८,५७६ धरत असल्यामुळे पडद्यावर दिसतो तो आकडा ११.२. म्हणजे आपण त्या दुपारी ना व्हीएसएफटीपीडी मोजला, ना एसएफटीपी. आपण दोन टेबलांमधली तार मोजली, आणि तीही अगदी अचूक मोजली. दोन वेगवेगळ्या प्रोग्रामांचा वेग दशांशापर्यंत सारखा आला, इथेच शंका यायला हवी होती. दोन धावपटू एकाच क्षणी थांबले, तर बहुधा पुढे भिंत असते.

ती भिंत तिथे का आहे, हेही जाता जाता पाहून घ्या. दोन्ही संगणक गिगाबिटचे असतील, तर हा आकडा ११२ च्या आसपास यायला हवा. एक तर मधला स्विच जुना १०० मेगाबिटचा असेल, नाही तर तारेतील काही धागे तुटले असतील. १०० मेगाबिटला तारेतील चारपैकी दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला आठही धागे शाबूत लागतात. एखादा धागा गेला, तर दोन्ही टोकांची उपकरणे काहीही तक्रार न करता बहुधा १०० वर उतरतात आणि काम चालूच राहते. एका जिनिंग कारखान्यात मी दोन दिवस सर्व्हरची मांडणी उलटसुलट करत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी कार्यालयातील शिपायाने सरकीच्या पोत्यांमागून जाणारी तार ओढून दाखवली, तर वीतभर लांबीत उंदराने वरचे आवरण कुरतडून दोन धागे उघडे पाडलेले होते. सर्व्हरवर जोडणीचा वेग दाखवणारी ईथटूल ही आज्ञा चालवली असती, तर ‘१००’ हा आकडा अर्ध्या मिनिटात समोर आला असता. तेव्हापासून कोणतेही मोजमाप करण्यापूर्वी मी आधी तेवढे पाहतो. तरीही हे स्पष्ट सांगतो की ही तार बदलून आपली संध्याकाळ सुधारणार नाही, कारण शाखांचा माल या तारेच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही.

शाखांचे गणित मांडून पाहू. शाखेच्या लाइनचा वर पाठवण्याचा वेग १० मेगाबिट आहे असे धरले, तर तो सेकंदाला साधारण १.२ मेगाबाइट होतो. ३०० मेगाबाइटच्या बॅकअपला चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. दीड हजार प्रतिमा सरासरी १२० किलोबाइटच्या धरल्या, तर त्या १८० मेगाबाइट होतात आणि त्यांना अडीच मिनिटे लागतील. एकूण सात मिनिटांच्या आत सर्व आटोपायला हवे. प्रत्यक्षात तास लागतो. मग उरलेली पन्नास-पंचावन्न मिनिटे कुठे जातात, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि मोजमापाने उत्तर द्यायचे आहे ते याच प्रश्नाला.

माझा पहिला संशय लहान फायलींवर आहे. एफटीपीची आज चालत असलेली रचना १९८५ च्या आरएफसी ९५९ (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) मध्ये लिहिलेली आहे. तिचे मूळ त्याहून जुने, म्हणजे १९७१ च्या आरएफसी ११४ मध्ये असून तो आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीत शिकलेल्या अभय भूषण यांनी लिहिला होता. या रचनेत आज्ञा एका जोडणीवरून जातात आणि प्रत्येक फाइलसाठी दुसरी नवी जोडणी उघडावी लागते. शाखेचा संगणक आधी ‘मी कोणत्या दाराने येऊ’ असे विचारतो, उत्तर येते; मग त्या दाराशी जोडणी होते; मग ‘ही फाइल घ्या’ असे सांगितले जाते, होकार येतो; टीएलएस (जोडणी सांकेतिक करण्याची पद्धत) वापरत असल्यास त्या नव्या जोडणीची पुन्हा ओळखपरेड होते; मग फाइल जाते, पण तीही सुरुवातीला दबकत, कारण टीसीपी (पाकिटांची ने-आण सांभाळणारा नियमसंच) नव्या जोडणीवर पहिल्या फेरीत साधारण दहाच पाकिटे सोडतो; आणि शेवटी ‘मिळाली’ अशी पोच येते. या सगळ्या मिळून सहा-सात फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला, पिंग ही आज्ञा दाखवते तेवढा, जाण्यायेण्याचा वेळ लागतो.

आपल्याकडच्या कापूस खरेदीचे उदाहरण घ्या. भरलेली गाडी काट्यावर एकदा चढली, तोलली, एक पावती फाटली की काम झाले. तोच कापूस दीडशे गाठोड्यांत बांधून प्रत्येक गाठोडे वेगळे तोलले आणि प्रत्येकाची वेगळी पावती केली, तर कापूस तेवढाच राहील, पण रात्र तिथेच काढावी लागेल. काटा कितीही तत्पर असला, तरी वेळ तोलण्यात न जाता चढवण्या-उतरवण्यात जातो.

आकड्यांत सांगायचे, तर दुपारी पिंग ६० मिलिसेकंद असताना सात फेऱ्यांना ०.४२ सेकंद लागतात. १,५०० फायलींना साडेदहा मिनिटे. संध्याकाळी सगळे गाव त्याच लाइनवर येते. शिवाय फाइलझिला हा फाइल पाठवण्याचा प्रोग्राम मुळातच एका वेळी दोन फायली पाठवत असल्यामुळे एका बाजूने मोठा बॅकअप राउटरची रांग भरून टाकतो आणि दुसऱ्या बाजूच्या लहान फायलींच्या आज्ञा त्या रांगेत मागे उभ्या राहतात. अशा वेळी पिंग २५० मिलिसेकंदांवर गेला, तर त्याच १,५०० फायलींना सुमारे ४४ मिनिटे लागतील. आपल्या तासाचा मोठा हिस्सा इथेच सापडेल असे माझे अनुमान आहे. पण ते अनुमानच आहे. ते तपासण्यासाठी एका शाखेतून संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत मुख्य कार्यालयाकडे सतत पिंग चालू ठेवा आणि त्याचे आकडे एका फाइलमध्ये साठवा. हे मोजमाप फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत आधी करण्याजोगे आहे.

आता पद्धतशीर मोजमापाकडे वळू. मी नेहमी संपूर्ण प्रवास मोजण्यापूर्वी त्याचा एकेक टप्पा वेगळा मोजतो. लाइन मोजण्यासाठी आयपर्फ३ वापरतो, कारण तो एका संगणकाच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत माल पाठवतो. त्यात डिस्क येत नाही आणि फाइलही येत नाही. तो दोन्ही दिशांनी चालवावा, कारण खेड्यातील बऱ्याच जोडण्यांवर उतरवण्याचा वेग भरपूर आणि चढवण्याचा अगदी बेताचा असतो, आणि जाहिरातीत मात्र पहिलाच आकडा असतो. डिस्क मोजण्यासाठी सर्व्हरवरच एफआयओ हा डिस्क-चाचणीचा प्रोग्राम चालवावा आणि लिहिलेला माल खरोखर डिस्कवर उतरल्यावरच वेळ थांबेल असा पर्याय त्यात निवडावा. चांगल्या स्थितीतील, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची साधी हार्ड डिस्क सलग लेखनात सेकंदाला १०० ते १५० मेगाबाइट देते, आतल्या बाजूच्या वर्तुळांवर त्याच्या निम्मे. परंतु इकडे थोडे तिकडे थोडे असे लिहायला लावले, तर सेकंदाला शंभरेक उड्यांपलीकडे ती जात नाही. सांकेतिकीकरणाचा वेग ओपनएसएसएल या प्रोग्राममध्येच असलेल्या चाचणीने कळतो. जुन्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये एईएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीसाठीच्या खास सूचना नसल्या, तरी आपल्या सेकंदाला दहा मेगाबाइटच्या कामाला तो सहसा पुरतो. रास्पबेरी पाय ४ या लहान संगणकावर सर्व्हर चालवणाऱ्यांना मात्र मी हे आधी मोजायला सांगतो, कारण त्यात त्या सूचना नाहीत. पाय ५ मध्ये आहेत.

हे तीन आकडे हाती आले की संपूर्ण प्रवासाचा वेग त्यांतील सर्वांत लहान आकड्याच्या वर जाऊ शकत नाही, हे उघड आहे. प्रत्यक्ष वेग त्या लहान आकड्याच्या जवळपास असेल, तर अडथळा कुठे आहे ते कळलेच. तो त्याहून बराच खाली असेल, तर डिस्क, लाइन किंवा प्रोसेसर यांपैकी काहीही विकत आणून उपयोग नाही. तिथे फेऱ्या, मांडणी किंवा पाठवणारा संगणक यांतच काहीतरी आहे. आपल्या बाबतीत तसेच निघेल असे मला वाटते. पाठवणाऱ्या संगणकाला लोक विसरतात. शाखेत विंडोजवरील अँटीव्हायरस दीड हजार प्रतिमांपैकी प्रत्येक उघडून पाहत असेल, किंवा प्रतिमा थेट पेनड्राइव्हवरून पाठवल्या जात असतील, तर मुख्य कार्यालयातील सर्व्हर नुसता वाट पाहत बसतो आणि मंदपणाचा दोष मात्र त्याच्यावर येतो.

मोजमापातील फसगतींपैकी दोनांनी मी स्वतः फसलो आहे. पहिली मेमरीची. लिनक्स नुकतीच वाचलेली फाइल मोकळ्या मेमरीत धरून ठेवतो आणि लिहायला दिलेला मालही आधी मेमरीत घेऊन ‘झाले’ म्हणतो. डिस्कवर तो सवडीने उतरवतो. आपल्या ८ जीबी मेमरीत १ जीबीची फाइल सहज मावते, त्यामुळे त्या चाचणीत डिस्कची परीक्षा झालीच नाही. चाचणीची फाइल मेमरीच्या दुप्पट तरी असावी किंवा प्रत्येक वेळी मेमरीतील साठा रिकामा करून चाचणी घ्यावी. मेमरीतून आलेला वेग खोटा असतो असे मात्र नाही. तीच परिपत्रके आठही शाखा सकाळी उतरवून घेत असतील, तर त्या कामासाठी तोच वेग खरा. बॅकअपसाठी तो लागू नाही, एवढेच.

दुसरी फसगत शून्यांची. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांना १०० मेगाबिटच्या तारेवरून सेकंदाला ४० मेगाबाइटचा वेग दाखवून शाबासकी घेतली होती. घरी जाताना बसमध्ये लक्षात आले की हे होणे शक्यच नाही. चाचणीची फाइल मी नुसत्या शून्यांची बनवली होती आणि एसएसएचमध्ये (एसएफटीपी ज्या सांकेतिक जोडणीतून चालतो तीत) संकोचन, म्हणजे माल दाबून लहान करण्याची सोय, चालू होते. एवढे मोठे शून्य चिमटीत मावेल एवढे होऊन तारेवरून गेले. दुसऱ्या दिवशी जाऊन आकडा दुरुस्त केला, शाबासकी मात्र त्यांनी परत मागितली नाही. तेव्हा चाचणीची फाइल यादृच्छिक आकड्यांची तरी बनवा, नाही तर त्याहून चांगले म्हणजे मागच्या आठवड्यातील एका संध्याकाळचा खरा संच, ग्राहकांची नावे-माहिती उघडी पडणार नाही अशा बेताने, बाजूला काढून तोच पुन्हा पुन्हा पाठवा. जेपीईजी प्रतिमा आधीच संकोचित असतात, डेटाबेसचा बॅकअप सहसा नसतो. हा फरक बनावट फायलींत उतरत नाही.

प्रत्येक चाचणीसाठी तीस किलोमीटर दूरच्या शाखेत जाणे जमणार नाही. त्यासाठी मी माझ्या टेबलावरच शाखा उभी करतो. लिनक्सच्या टीसी या आज्ञेत नेटएम नावाची सोय आहे. तिने चाचणीच्या संगणकातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला हवा तेवढा उशीर लावता येतो, वेगाला लगाम घालता येतो आणि शंभरात एखादे पाकीट हरवायलाही लावता येते. शेजारच्याच संगणकावर आधी काहीही न लावता, मग ६० मिलिसेकंद उशीर आणि १० मेगाबिटची मर्यादा लावून, मग २५० मिलिसेकंद लावून तोच संच व्हीएसएफटीपीडीला आणि एसएफटीपीला पाठवा. दुपारी बरोबरीत आलेले दोन सर्व्हर इथे वेगळे पडताना दिसतील. मी ही चाचणी अनेक ठिकाणी केली आहे. लांबच्या लाइनवरील लहान फायलींत एसएफटीपी बहुधा पुढे जातो, कारण तो सर्व काही एकाच जोडणीतून नेतो. फाइल उघडणे, लिहिणे, बंद करणे एवढ्याच फेऱ्या लागतात, प्रत्येक फाइलमागे नवी जोडणी आणि नवी ओळखपरेड होत नाही. जवळच्या वेगवान तारेवरील एकाच मोठ्या फाइलसाठी मात्र साधा, उघडा एफटीपी सरस ठरू शकतो, कारण तिथे फाइल डिस्कवरून थेट जोडणीत सोडण्याची सेंडफाइलची सोय वापरता येते. पण पतसंस्थेच्या ग्राहकांची माहिती आणि पासवर्ड उघड्या एफटीपीवरून पाठवणे मला मान्य नाही, म्हणून तो आकडा आपल्या तुलनेत घेऊच नका. तुलना टीएलएससह एफटीपी आणि एसएफटीपी यांचीच करा.

एकाच वेळी अनेक जण पाठवत असताना काय होते, हेही पाहावे लागेल, पण त्यात वाहवत जाऊ नये. एक, दोन, चार, आठ आणि खबरदारी म्हणून सोळा अशा जोडण्यांनी एकूण वेग मोजा. तो कुठपर्यंत वाढतो आणि कुठे थबकतो ते टिपा. आठ शाखा प्रत्येकी १० मेगाबिटने आल्या, तर सर्व मिळून सेकंदाला दहा मेगाबाइटच्या आतच राहतात. आपला जुना डेस्कटॉप तेवढे झेलेल. मुख्य कार्यालयाची लाइन उतरवण्याच्या दिशेने ८० मेगाबिटांहून कमी असेल, तर मात्र अडचण तिथे आहे. हजार जोडण्यांचे जे आलेख आपल्याला दिसतात, ते मोठ्या संकेतस्थळांच्या कामाचे आहेत. आपल्या आठ शाखांसाठी ते पाहण्यात वेळ घालवू नका.

कधी मोजावे, यावरही बरेच अवलंबून असते. दुपारी दोनला व्हीएसएफटीपीडी आणि संध्याकाळी सातला एसएफटीपी मोजून तुलना केली, तर आपण दुपार आणि संध्याकाळ यांचीच तुलना करतो. म्हणून मी आलटून पालटून मोजतो: एकदा हा, एकदा तो, पुन्हा हा, पुन्हा तो. प्रत्येकाच्या किमान सात फेऱ्या घेतो, आणि त्यांतील मधला व सर्वांत वाईट असे दोन आकडे लिहितो. सरासरी मी सहसा देत नाही, कारण वीज जाऊन राउटर एकदा बंद पडला की एकाच फेरीने सरासरी बिघडते. आणि शाखेतील कर्मचारी घरी कधी जाणार हे सर्वांत वाईट आकडाच ठरवतो. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ, वीज होती की इन्व्हर्टर, आणि त्या वेळी काय बदलले होते ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

विदर्भात आणखी एक नोंद लागते, ती तापमानाची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना पत्र्याच्या छपराखालचा संगणक पहिली तीन-चार मिनिटे ठीक चालतो आणि मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. एका जिनिंगमधील सर्व्हरचा वेग दर वेळी पाचव्या मिनिटाला निम्म्यावर यायचा. डबा उघडला, तर पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर रुईच्या तंतूंची नमद्यासारखी जाड थर बसली होती. ती अख्खी एका तुकड्यात निघाली. एका मिनिटाच्या चाचणीत हे कधीच दिसले नसते. निदान एक चाचणी तरी सलग वीस-पंचवीस मिनिटे चालू द्या आणि तीही दुपारच्या उन्हात घ्या.

आता मोठी फाइल शेवटापर्यंत जाऊन पुन्हा सुरू होते, त्याबद्दल. हे वेगाचे दुखणे वाटत असले, तरी बहुधा तसे नसते. एफटीपीत फाइल एका जोडणीवरून जात असताना आज्ञांची जोडणी गप्प असते. मधल्या राउटरला चार-पाच मिनिटे तिच्यावर काहीच हालचाल दिसली नाही, की काही राउटर ती नोंद पुसून टाकतात. फाइल पूर्ण पोहोचते, पण ‘मिळाली’ ही पोच परत येण्याचा रस्ता राहिलेला नसतो. शाखेचा प्रोग्राम ती हरवली असे समजून पुन्हा पाठवू लागतो. सर्व्हरवर फाइलचा आकार पूर्ण दिसत असूनही शाखेत ‘अयशस्वी’ असे लिहून येत असेल, तर हेच कारण धरा. एसएफटीपीत दोन जोडण्या नसल्यामुळे हा प्रसंग येत नाही. आठांपैकी काही शाखांची जोडणी सुरुवातीलाच नाकारली जात असेल, तर ते वेगळे. तिथे सर्व्हरवरील पॅसिव्ह दारांची (फायलींच्या नव्या जोडण्यांसाठी राखलेल्या क्रमांकांची) पट्टी आणि फायरवॉलमध्ये मोकळी केलेली पट्टी जुळते का, आणि ती एकाच वेळी आठ शाखांना पुरेशी रुंद आहे का, ते पाहावे.

आतापर्यंतचे थोडक्यात: आपला ११.२ तारेचा आहे, आपला तास बहुधा फेऱ्यांचा आहे आणि पुन्हा सुरू होणारी फाइल राउटरची आहे. हे तिन्ही तपासण्यासाठी पिंगची नोंद, आयपर्फ३ आणि नेटएमची चाचणी एवढे पुरेल. सर्व मिळून दोन-तीन दिवसांचे काम आहे. त्या संध्याकाळी सर्व्हरवर सार ही नोंद ठेवणारी आज्ञा चालू ठेवून दर दहा सेकंदांनी प्रोसेसर आणि डिस्क किती व्यग्र आहेत तेही टिपा, म्हणजे संचालक मंडळाने विचारल्यास दाखवायला कागद राहील.

मी आपल्या जागी असतो, तर प्रत्येक शाखेत त्या दिवसाच्या प्रतिमा आधी टार या आज्ञेने एकाच फाइलमध्ये बांधून घेतल्या असत्या, संकोचन न करता, कारण त्यातून फारसे काही वाचत नाही. मग ती फाइल आणि बॅकअप, दोन्ही एसएफटीपीने एकामागून एक पाठवले असते, आणि शाखांना सहापासून दहा-दहा मिनिटांच्या अंतराने वेळ वाटून दिली असती. पोहोचल्यावर दोन्ही टोकांना शा-२५६ चा ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) ताडून पाहावा आणि त्याला लागणारा वेळही मोजमापात धरावा. अपुरी पोहोचलेली फाइल कितीही लवकर आली, तरी ती आलेली नाही. ज्या शाखेत मोबाइलच्या डोंगलवर काम चालते, तिथे आरसिंक हा प्रोग्राम वापरून पाहा, कारण तुटलेला प्रवास तो राहिला तिथून पुढे नेऊ शकतो आणि बॅकअपमधील बदललेला भागच पाठवतो. मात्र बॅकअप आधीच संकोचित करून ठेवला असेल, तर हा दुसरा फायदा जवळजवळ हातचा जातो.

एवढे करून संध्याकाळची नोंद पुन्हा घ्या. प्रोसेसर किंवा डिस्क त्या वेळी सतत नव्वद टक्क्यांच्या वर व्यग्र दिसली, तर नव्या सर्व्हरचा प्रस्ताव अवश्य ठेवा, आकडे आपल्या बाजूने असतील. तसे दिसले नाही, तर त्या लाखातील थोडीच रक्कम मी दोन ठिकाणी खर्च केली असती: मुख्य कार्यालयातील सर्व्हरला दुसरी हार्ड डिस्क, कारण आठ शाखांचे बॅकअप आज एकाच जुन्या डिस्कवर आहेत, आणि प्रत्येक शाखेच्या राउटरला एक लहान बॅटरी, कारण आपल्याकडे सहा ते आठ ही वीज जाण्याचीही वेळ आहे.